बाबांच्या गाड्या आणि त्या त्या काळातली पेयं : पुण्यातल्या एका रविवारचा बेत सुचवा

सहकारनगरकर

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाबांना ७५ पूर्ण होतात. हॉल, केक, भाषणं यातलं काही नको, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलंय. रात्रीचं नीट दिसेना म्हणून गेल्या वर्षी त्यांनी आपणहून गाडी चालवणं सोडलं आणि शेवटची वॅगनआर विकून टाकली. तेव्हापासून जेवताना कुठल्या ना कुठल्या जुन्या गाडीचा विषय निघतो, आणि गाडीपाठोपाठ त्या काळात ते जे प्यायचे त्याचाही.

पहिली चेतक. नंबर लावून कित्येक वर्षं वाट बघून मिळालेली. भोसरीला पहिल्या पाळीला जायच्या आधी शनिपारापाशी थांबून अमृततुल्यचा चहा, हा त्यांचा नेम. पाऊस असो, थंडी असो, स्कूटर तिरकी करायची, दोनदा-तीनदा किक मारायची आणि निघायचं. मग प्रीमियर पद्मिनी आली. सेकंडहँड, फिकट निळी. तिच्यातून आम्ही कॅम्पात जायचो आणि लालभडक रास्पबेरी सोडा प्यायचो. मी आणि ताई पुढच्या सलग सीटवर आई-बाबांच्या मध्ये. नव्वदच्या दशकात मारुती ८००, आणि उन्हाळ्यात रात्रीची जेवणं उरकली की मस्तानी. मग इंडिका. गावाला जेजुरीकडे जाताना दिवेघाट चढून वर आलं की उसाचा रस ठरलेला.

या सगळ्यातून एक रविवार बांधायचा आहे. पद्मिनीत बसायला मिळण्याची सोय पुण्यात होईल का? कुठल्या जागा अजून चांगल्या आहेत? बाबांना साखर आहे (गोळ्यांवर आटोक्यात आहे) आणि गुडघे दुखतात. सोबत आई, मी, बायको आणि दहा वर्षांचा मुलगा. बाबांना मनापासून आनंद व्हावा एवढीच इच्छा आहे.

चोक_ओढा

आमच्याकडे पद्मिनी अजून आहे आणि चालती आहे, म्हणून आधी गाडीचं बोलतो.

लग्नाला सजवून देतात त्या जुन्या गाड्या भाड्याने मिळतात, पण नंबराची पाटी बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. त्यापेक्षा एखाद्या जुन्या गाडीच्या मालकाकडे पाहुणे म्हणून बसा. पुण्यात अशी हौशी माणसं भरपूर आहेत आणि ७५ वर्षांच्या माणसासाठी विचारलंत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

बाबांची गाडी स्टिअरिंगला गिअर असलेली होती की खाली फरशीवर, ते आधी विचारून घ्या. १९७४ पासून पद्मिनी या नावाने आलेल्या बहुतेक गाड्यांचा गिअर स्टिअरिंगपाशीच होता, अगदी शेवटच्या काळातल्या काही गाड्यांत तो खाली आला. हा तपशील किरकोळ समजू नका. ज्याने वर्षानुवर्षं स्टिअरिंगचा गिअर टाकलाय त्याचा डावा हात बसल्या बसल्या तिकडेच जातो. तिथे दांडा असलाच पाहिजे.

वेळ सकाळचीच ठेवा. एप्रिलच्या दुपारी या गाड्या तापतात. बाबांना खंडाळ्याचा घाट नक्की आठवत असेल: चढावर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची, गाडी गचके खात बंद पडायची. मग बॉनेट वर करायचं, मडक्यातल्या पाण्यात फडकं भिजवायचं, पिळायचं आणि इंजिनाच्या बाजूच्या त्या वाटीएवढ्या पंपावर गुंडाळून ठेवायचं. चुर्र आवाज यायचा. पाच-दहा मिनिटांनी चोक न ओढता सेल्फ मारला की गाडी पुन्हा सुरू. माझे वडील त्या फडक्याला गाडीचा भाग समजून डिकीत जपून ठेवायचे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप आणि पंपातला पडदा (डायफ्राम) त्याने लवकर खराब होतात, म्हणून ज्यांची गाडी घ्याल त्यांनी ते बदललेत ना, एवढं विचारा.

आमची गाडी पांढरी आहे, निळी नाही. चालत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैशांचा विषय काढू नका.

कॅम्पातली

रास्पबेरीचं उत्तर एकच. सरबतवाला चौकातलं आर्देशीर. १८८४ पासूनची इराण्यांची सोड्याची पेढी आहे, चौकाचं नावच सांगतं काय ते. रास्पबेरी, जिंजर, आइसक्रीम सोडा, सगळं काचेच्या बाटलीत. बाटली तिथेच उभं राहून प्यायची आणि परत करायची. प्लॅस्टिकच्या ग्लासात ओतून घेऊ नका, बाबांना ती थंडगार जड बाटलीच हातात हवी असणार. रविवारच्या वेळा फोन करून विचारून घ्या.

बाबा गोल्ड स्पॉटबद्दल बोलत असतील तर ते शोधायला जाऊ नका. १९९३ मध्ये कोकाकोला परत आली, पार्ले कंपनीचे ब्रँड तिने घेतले, थम्स अप आणि लिम्का राहिले आणि गोल्ड स्पॉट गेलं. दुसरं कुठलं तरी नारिंगी पेय हातात देऊन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसणं मला पटत नाही. जे खरोखर शिल्लक आहे तेच द्या.

निंबाळकर_तालीम

मस्तानीसाठी आमच्या तालमीपाशी सुजाता किंवा तुळशीबागेजवळ कावरे. यावरून घराघरात दोन पक्ष आहेत, बाबांचा कुठला ते आईंना विचारा, त्यांना पक्कं माहीत असेल. आंब्याची घ्यायची तर एप्रिलची सुरुवात थोडी लवकर होते, पण मिळते.

माझं एक वेगळं मत आहे. चारही पेयं एका दिवसात करू नका. चहा, सोडा, मस्तानी, रस हे सगळं सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत कोंबलंत तर तिसऱ्या ठिकाणी बाबा तुमच्या समाधानासाठी पितील. दोन रविवार करा. पहिला पेठा आणि कॅम्प, दुसरा घाट.

आणि पहिला रविवार असेल तर जुना बाजार चुकवू नका. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. जुने बिल्ले, हॉर्न, मीटर, तिकोन्या काचांच्या कड्या असं काहीबाही तिथे सापडतं. चेतकचा पुढचा बिल्ला मिळाला तर नातवाच्या हातून द्या. तिथे नाही मिळालं तर नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा, जुने दुकानदार गाडीचं नाव ऐकून आतल्या खोलीत जातात.

वाटीभर_साखर

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून फक्त साखरेपुरतं. रिकाम्या पोटी गोड पेय नको. आधी नाश्ता, मग सोडा. अर्धी बाटली बाबांनी, अर्धी नातवाने. मस्तानी एक ग्लास तिघांत, आणि त्या दिवशी दुपारच्या जेवणात भात आणि गोड टाळा. अमृततुल्यचा चहा पातेल्यातच गोड उकळलेला असतो, वेगळा मागून मिळेलच असं नाही, तेव्हा कटिंगवर थांबा. उसाचा रस रक्तातली साखर चढवतो, म्हणून दोन घोट आणि बाकीचा तुम्ही. त्या दिवसासाठी गोळी वाढवायची किंवा चुकवायची असलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. एवढं सांभाळलंत तर कुठलंच पेय यादीतून काढायची गरज नाही. या वयात 'तुम्हाला चालत नाही' हे वाक्य त्यांनी पुष्कळ ऐकलेलं असतं.

पुरंदरची_लेक

ताई-दादांनो, रसाचं मी सांगते, माझं माहेर बोपगाव. आमच्या गावावर कानिफनाथांचा डोंगर आहे, आणि आमच्याकडची पुष्कळ माणसं रसवंतीच्या धंद्यात आहेत, म्हणून गावोगाव रसवंतीवर कानिफनाथ, नवनाथ ही नावं दिसतात. चरकाला घुंगरं बांधतात, ती लांबून ऐकू आली की पोरं गाडी थांबवायला लावतात.

दिवेघाटाने जाणार असाल तर निघण्याआधी रस्त्याची आणि वाहतुकीची चौकशी करा. गर्दी असेल तर कोंढव्यावरून बोपदेव घाटाने वर या. घाट चढला की हवा बदलते. चरक चालू असेल तिथेच थांबा, आधी काढून ठेवलेला रस घेऊ नका, आणि बर्फ नको म्हणून सांगा. आलं-लिंबू घालून समोर काढलेला रस बर्फाशिवायही गार लागतो. टपरीऐवजी खुर्च्या असलेली रसवंती बघा, बाबांचे गुडघे दुखतात म्हणालात.

सहकारनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला विचारलं, आम्ही सुजाता पक्षाचे. गिअर स्टिअरिंगलाच होता. चोक_ओढा, व्यनि केलाय, डोळे भरून आले वाचून. दोन रविवारांची सूचना आईला तर फारच आवडली.

एक धाडसी प्रश्न. बाबांनी पद्मिनी थोडीशी चालवली तर? डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवसा हरकत नाही असं मागेच सांगितलंय, लायसन्सही अजून चालू आहे. त्यांनी चालवणं सोडलं ते रात्रीमुळे. पण त्यांना कुणीतरी म्हणायला हवं, आपणहून ते कधीच मागणार नाहीत.

चोक_ओढा

माझी ना नाही. दादा, फक्त नीट ऐका. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते पायाने जोर लावून दाबावे लागतात. वॅगनआरची सवय झालेल्या पायाला पहिल्यांदा वाटतं की ब्रेकच नाहीत. क्लच जड आहे, आणि तुमच्या बाबांचा त्रास नेमका गुडघ्यांचा. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून ड्रायव्हरच्या सीटवर बसू दे, क्लच आठ-दहा वेळा दाबू दे, गिअर टाकू दे. दुखलं तर तिथेच थांबायचं आणि मी चालवेन. नाही दुखलं तर आमच्या ओळखीच्या एका कारखान्याचं मोकळं आवार आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे कुणी नसतं. पहिला, दुसरा, तिसरा गिअर आणि एक वळण. मी शेजारी बसेन. रस्त्यावर आणायची का, ते बाबाच ठरवतील, गाडी चालवणाऱ्या माणसाला आपला अंदाज असतो.

लायसन्सची तारीख मात्र प्रत्यक्ष कार्डावर बघा. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो, बऱ्याच ज्येष्ठांची तारीख उलटून गेलेली असते.

कॅम्पातली

मग क्रम असा लावा. पहाटे पेठेत चहा, साडेसात-आठला आवारात गाडी, मग कॅम्पात कुठेतरी बसून नाश्ता, मग सोडा. बन मस्का हवा असेल तर डेक्कनचं गुडलक कॅफे आहे, पण रविवारी दहानंतर तिथे रांग असते.

वारजे_मावळ

उशिरा आले धाग्यावर. एक सुचवते. फोनवर बाबांचं बोलणं रेकॉर्ड करा, पण कॅमेरा तोंडासमोर धरून नको. गाडीत मागे बसून फोन मांडीवर ठेवा. आणि 'जुन्या आठवणी सांगा' असं म्हणू नका, माणूस गप्प होतो. बारीक प्रश्न विचारा. चेतक घरी आणली तेव्हा मागे कोण बसलं होतं? पद्मिनीचे पैसे कसे उभे केले? ती विकली तेव्हा कोण घेऊन गेलं? ८०० मध्ये पहिल्यांदा एसी लावला तेव्हा आजी काय म्हणाली? माझ्या सासऱ्यांना मी ॲम्बॅसडरचं टायर कुठे पंक्चर झालं होतं एवढंच विचारलं, आणि सोलापूर रस्त्यावरचं एक अख्खं लग्न ऐकायला मिळालं.

आईंनाही विचारा. स्कूटरच्या मागच्या सीटवर त्याच होत्या.

सहकारनगरकर

हे शेवटचं फार मोलाचं. आईचा विचार मी केलाच नसता असं नाही, पण प्रश्न तिच्यासाठी वेगळे काढून ठेवतो आता.

ठरलेलं लिहितो, म्हणजे कुणाला काही खटकलं तर सांगता येईल. पहिला रविवार: शनिपारापाशी चहा, जुन्या बाजारात एक फेरी, मग पद्मिनी, नाश्ता, अर्धा-अर्धा रास्पबेरी. मस्तानी त्याच दिवशी रात्री जेवणानंतर, पूर्वीसारखी, एक ग्लास तिघांत. दुसरा रविवार: बोपदेवने वर, रस, जेजुरीचं दर्शन पायथ्याकडूनच कारण पायऱ्या जमणार नाहीत. लायसन्सचं कार्ड बघितलं, २०२८ पर्यंत आहे.

वाटीभर_साखर

मस्तानी रात्रीऐवजी दुपारी चारला घ्या. रात्री जेवणावर नको. बाकी छान.

निंबाळकर_तालीम

चारला सुजातात बसायला जागाही मिळेल. गाडी मात्र आमच्या बोळात आणू नका, टिळक रोडला लावा आणि बाबांना रिक्षाने आणा.