पत्र्याखाली बसून कुणाला कॅन्सर होतो का म्हणे!

खवट_खारीक: काल इथे एकाने ठोकून दिलं, ‘ॲस्बेस्टॉस कारखान्यात राबणाऱ्यांना बाधतं, पत्र्याखाली खुर्चीवर बसणाऱ्यांनी बोंबलू नये.’ डोकंच फिरलं. आमच्या शेडमध्ये एसीच्या पाइपसाठी चालू शिफ्टमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेला सिमेंटचा पत्रा ग्राइंडरने कापला. पांढरी पूड टेबलांवर, डब्यांवर. सुपरवायझर म्हणे झाडून घ्या. तेही कोरड्या झाडूने! मेसोथेलिओमा, म्हणजे या तंतूंनी होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, २०-४० वर्षांनी उगवतो. तेव्हा कुठला सुपरवायझर नि कुठली कंपनी.

एमआयडीसी_बाबू: तो ‘एक’ मीच. पत्र्यात तंतू साधारण १० टक्के, बाकी सिमेंट. अखंड पत्रा काही करत नाही. ब्रसेल्सची बेर्लेमाँ इमारत, युरोपियन कमिशनचं मुख्यालय, १९९१ मध्ये रिकामी केली ती फवारलेल्या ॲस्बेस्टॉसपायी, ते प्रकरण वेगळं. आमचे अण्णा जन्मभर असल्याच शेडमध्ये होते, पंच्याऐंशीला ठणठणीत.

खवट_खारीक: अण्णांना नमस्कार. विडी ओढत नसतील. धूर नि हे तंतू एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. आणि अखंड पत्रा दाखवा तरी! आमच्याकडे शेवाळ, तडे, वर डांबराची ठिगळं. ब्रिटनने पांढरं ॲस्बेस्टॉसही, पत्र्यात घालतात तेच, १९९९ मध्ये बंद केलं. आपण रशियाहून आणतोय.

जुना_फोरमन: सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय, ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यावर १५, जे उशिरा येईल तोवर ठेवा. पत्रा कापणाऱ्या कंत्राटी पोराचं तर मस्टरवर नावही नसतं.

कोकणी_कौल: काढा हो, पण घालायचं काय? टिनचा पत्रा खाऱ्या हवेत गंजतो, पावसात समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

खवट_खारीक: कौलं घाला.

कोकणी_कौल: आणि माकडं? तुम्ही येताय हाकलायला? दरवर्षी कौलं फोडतात, वर फणसही नेतात. वनखात्याला फोन केला तर म्हणे अर्ज करा.

जुना_फोरमन: आमच्याकडे फटाक्यांनाही भीत नाहीत.

एमआयडीसी_बाबू: धागा कुठे चाललाय! बरं खारीकसाहेब, ग्राइंडर लावणं गाढवपणा, मान्य. पत्रा पाणी मारून, न फोडता उतरवावा, नुसता रुमाल बांधून भागत नाही. झालं समाधान? आता भाड्याच्या शेडमध्ये हा खर्च मालकाचा की कंपनीचा, तेवढं लिहा.

खवट_खारीक: दोघांचा. निदान तोवर कापू नका.

कोकणी_कौल: माकडांचं कुणीच बोलत नाही.