आनुवंशिकतेचा टक्का नेमका कशाचा?

स्वभाव निम्मा जनुकांतून येतो, म्हणून संगोपनाच्या हाती उरलेला निम्माच भाग असतो, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. जुळ्यांवरील सुमारे पन्नास वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सर्व गुणधर्मांची सरासरी आनुवंशिकता ४९ टक्के आढळली, हे खरे आहे. मात्र हा आकडा एखाद्या व्यक्तीच्या स्वभावाची वाटणी सांगत नाही. विशिष्ट समूहातील माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील किती वाटा जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो, आणि परिस्थिती बदलली की तोही बदलू शकतो.

फेनिलकीटोन्युरिया या जन्मजात आजाराचे उदाहरण मला येथे फार महत्त्वाचे वाटते. एका जनुकातील दोषामुळे फेनिलॲलानिन हे अमिनो आम्ल शरीरात साचते आणि उपचार न झाल्यास गंभीर बौद्धिक अक्षमता येते. पण जन्मानंतर लगेच निदान करून आहारातील त्याचे प्रमाण मर्यादित ठेवले, तर ती बहुतांशी टळते. जनुक तेच राहते, परिणाम बदलतो.

नैराश्यासाठी एखादेच जनुक जबाबदार धरणेही योग्य नाही. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाच्या वाहकाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असलेल्यांना ताणाच्या प्रसंगांनंतर नैराश्य येण्याची शक्यता अधिक असते, हा २००३ मध्ये गाजलेला निष्कर्ष २०१९ मधील कितीतरी मोठ्या नमुन्यांच्या तपासणीत टिकला नाही. बहुतेक मानसिक गुणांवर हजारो जनुकीय भेदांचा प्रत्येकी अत्यल्प प्रभाव एकत्रितपणे पडत असतो, त्यामुळे एखाददुसऱ्या जनुकाच्या चाचणीवरून मुलाचा कल ओळखता येत नाही.