नववीतला मुलगा: लक्ष टिकत नाही, राग नाकावर

प्रश्न (भुसावळ): मुलगा १४ वर्षांचा. पुस्तक उघडलं की १० मिनिटांत उठतो, टोकलं की दार आपटतो. वळण चुकतंय का?

धुळे: वळणाचा प्रश्न कमी, वयाचा जास्त. भावना पेटवणारा मेंदूचा भाग लवकर जोर धरतो. आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. दार आपटलं की लगेच समजवायला जाऊ नका, तापल्या डोक्यात काही शिरत नाही. अर्ध्या तासाने, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी पुढ्यात असताना बोला.

चोपडा: आधी झोप बघा. ८ ते १० तास हवेत. या वयात मेलाटोनिन (झोप आणणारं संप्रेरक) रात्री उशिरा स्रवतं, त्यात पहाटे पाचची शिकवणी असली तर झोप कुठून पुरणार! अभ्यासाला मोबाइल उलटा ठेवून भागत नाही, दुसऱ्या खोलीत हवा.

भुसावळ: उन्हाळ्यात गच्चीवर झोपतो, मोबाइलसकट.

चोपडा: चार्जर खालीच ठेवा.