अनुभव धागा: पुन्हा वर्गात, पण घरबसल्या

धागाकर्ती, कॉलेज रोड
बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास झाले आणि त्या विषयाला रामराम ठोकला. पुढे जन्मभर अकाउंट्स. आता पन्नाशीच्या तोंडावर मेथी निवडता निवडता येल विद्यापीठातल्या आर. शंकर यांची लेक्चर्स ऐकते. पहिल्या भागात २४ आहेत, २००६ साली वर्गातच चित्रित केलेली. शंकर मूळ आयआयटी मद्रासचे, त्यामुळे इंग्रजी कानाला परकं वाटत नाही. कॅल्क्युलस आलं की मात्र मेथी बाजूला सारून वही घ्यावी लागते. आणखी कोण कोण असं काही बघतं?

दिंडोरीहून
द्राक्षबाग आहे. हेक्साकोनॅझोल हे बुरशीनाशक भुरी रोगावर चालतं, डाऊनीवर म्हणजे केवड्यावर नाही, एवढं औषधाच्या दुकानातही सांगतात. का, ते कुणी सांगत नव्हतं. एका परदेशी विद्यापीठाच्या लेक्चरमध्ये कळलं की डाऊनी खरी बुरशीच नव्हे, नात्याने ती तपकिरी शेवाळाच्या जवळची! हे औषध बुरशीला पेशीच्या पडद्यासाठी लागणारं एर्गोस्टेरॉल बनवू देत नाही. डाऊनी ते बनवतच नाही, मग औषध अडवणार काय? तीनदा मागे नेऊन ऐकलं. फळासाठीच्या गोड्या छाटणीनंतर आभाळ आलं की झोप उडते ती अजून उडतेच. पण पानाखाली पांढरी लव दिसली की आता आधी शिवी न येता 'शेवाळाची भावकी' आठवते.

नाशिकरोड
एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन) १२ आठवड्यांचा कोर्स घेतला, चौथ्या आठवड्यात बारगळला. व्हिडिओ फुकट, परीक्षेलाच काय ते पैसे. ते भरले असते तर कदाचित पूर्ण केला असता.

सातपूर, निवृत्त टर्नर
लंबकाच्या एका झोक्याला किती वेळ लागतो, त्या सूत्रात वजन येतच नाही, हे लेक्चरमध्ये ऐकलं आणि पटेना. पाळण्याच्या कडीला एक मीटर दोरी बांधली. आधी किलोचं माप, मग पाच किलोचं. नातवाने मोबाईलवर वेळ लावली. जाऊन-येऊन एक असे दहा झोके, दोन्ही वेळा वीस सेकंद. चाळीस वर्षं लेथवर काढली, पण असं कधी करून बघितलं नव्हतं.

धागाकर्ती
काका, आज रात्री मीही बघते. घरात मापं नाहीत, नारळ चालेल?

सातपूर
चालेल. दोरी नारळाच्या मध्यापर्यंत मोजा, शेंडीपर्यंत नको. आणि झोका लहान द्या.