शेतमालाच्या निर्यातबंदीचा अधिकार सरकारकडून काढून घ्यावा का?

गोदाकाठ
१९९१ च्या जुलैत बहुतेक उद्योगांचे परवाने गेले. काय बनवायचं, किती बनवायचं हे कारखानदाराला दिल्लीला विचारावं लागेनासं झालं. कांदेवाल्याच्या वाट्याला ती मोकळीक अजून आलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला थेट बंदी आली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यातकिंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला.

डिसेंबर का झोंबला, ते सांगतो. तेव्हा बाजारात असतो लाल कांदा. तो उन्हाळ कांद्यासारखा साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही. काढला की विकायचाच. लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॉलीपुढे व्यापारी येतो, वरचे चार कांदे दाबून बघतो, बोली सुटते आणि मिनिटभरात हंगामाचा निकाल लागतो. परवडत नाही म्हणून ट्रॅक्टर माघारी न्यायचा, तर भाडं अंगावर.

देशातली जवळपास ४५ टक्के कामकरी माणसं शेतीत आहेत. वाढ सगळ्यांपर्यंत न्यायची असेल तर १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यातून शेतमालावर अचानक बंदी घालायचा अधिकारच काढा.

रेशनकार्ड
साफ विरोध. खेड्यात सातबारा नसलेलीही माणसं राहतात. माझी आई कांदा लागवडीला उक्त्यावर जाते, दिवसभर वाफ्यात वाकून रोपं लावते आणि घरासाठी कांदा विकत आणते. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. कांदा, डाळ, तेल नाही. कांदा महागला म्हणून त्या महिन्यात तिची मजुरी वाढलेली मी कधी पाहिली नाही. शेतकऱ्याचा भाव म्हणजे सगळ्या गावाचं भलं, हे गृहीतच चुकीचं आहे.

हिशोबपट्टी
माझा आक्षेप वेगळा आहे. मोकळीक आपण पाहिली आहे. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. आमची द्राक्षं शिवारातच खरेदी होतात. एका हंगामात व्यापाऱ्याने अर्धे पैसे रोख दिले, बाकीचे 'माल पोचला की' म्हणाला आणि फोन बंद. समितीत गेलो तर उत्तर मिळालं, सौदा आवाराबाहेरचा आहे. आवारात निदान व्यापाऱ्याला परवाना असतो, विक्रीची पट्टी हातात असते, तक्रारीला जागा असते.

२०२० च्या केंद्राच्या कृषी कायद्यांत पॅनकार्ड असलेला कोणीही खरेदी करू शकणार होता. वाद झाला तर प्रांताधिकाऱ्याकडे जायचं, दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद. ते कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले, याचं मला दुःख नाही. बिहारने तर २००६ मध्ये बाजार समिती कायदाच रद्द केला. तिथला धान उत्पादक आजही गावच्या व्यापाऱ्याला हमीभावाखाली माल देतो. आधी पैशाची हमी द्या, मग मोकळीक.

बांधावरून
२०१५-१६ च्या कृषिगणनेत सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर होती. एवढ्या रानावर निर्यातदार दारात येत नाही. मोहाडीच्या सह्याद्रीसारखी शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली की येतो. कायद्यापेक्षा माल निवडून भरायच्या पॅकहाऊसवर आणि शीतगृहावर बोला.

गोदाकाठ
@हिशोबपट्टी, पैशाची हमी हवीच. खरेदीदाराची नोंदणी आणि बँक हमी आवाराबाहेरही सक्तीची करा, माझ्या मागणीशी त्याचं भांडण नाही. @बांधावरून, पॅकहाऊस कर्ज काढून बांधायचं आणि ऐन हंगामात बंदी आली तर हप्ता कुणी भरायचा? परदेशी गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की हाक मारून परत येत नाही.

@रेशनकार्ड, तुमच्या आईला कांदा परवडला पाहिजे, यात वाद नाही. पण त्याची किंमत एकट्या उत्पादकाने का मोजायची? तिच्या खात्यात पैसे टाका, तो खर्च सगळ्या देशाने उचलावा.

रेशनकार्ड
खात्यातली रक्कम एकदा ठरते, भाव आठवड्याला बदलतो. त्यापेक्षा सरकारने साठा करावा. ऑगस्ट २०२३ मध्ये नाफेड या सहकारी खरेदी संस्थेमार्फत २४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर झाली होती. तशी खरेदी दरवर्षी बाजार समितीच्या लिलावात उभं राहून करा आणि तो कांदा शहरांबरोबर तालुक्याच्या गावीही रेशन दुकानातून विका.

गोदाकाठ
लिलावात उभं राहून खरेदी, ही आमचीच मागणी आहे. त्यावर एक जोड देतो. भाव किती चढला की किती शुल्क लागेल, हे रोप टाकायच्या आधी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नका. बंदी मात्र नाहीच.

रेशनकार्ड
चालेल, पण तो आकडा ठरवताना शेतमजुरांचा माणूस समोर बसलेला हवा. नुसते उत्पादक, निर्यातदार आणि अधिकारी बसून ठरवणार असाल तर माझा विरोध कायम.