इलोना झ्रिनीचं दुसरं लग्न, प्रेम की राजकारण?

तटबंदी:
मुंकाच किल्ल्याच्या वेढ्यामुळे इलोनाचं (१७ व्या शतकातली हंगेरीतली सरदार घराण्यातली बाई) नाव कळलं आणि मग वाचतच सुटलो. एक गोष्ट पटत नाहीये. पहिला नवरा फेरेंत्स राकोची (पहिला) १६७६ मध्ये गेला, ही ३३ वर्षांची, पदरात युलियाना आणि तान्हा फेरेंत्स, हंगेरीतली अफाट जहागीर. मग १६८२ मध्ये इम्रे थोकोलीशी लग्न का? तो पंचविशीही न गाठलेला, हिच्याहून १४ वर्षांनी लहान, ल्युथरन म्हणजे प्रोटेस्टंट (ही कॅथलिक), वर हंगेरीवर राज्य करणाऱ्या हाब्सबर्ग घराण्याच्या सम्राटाविरुद्ध बंड करणारा. मुलांचं नुकसान होणार हे दिसत नव्हतं का?

जुनी_पानं:
दिसत असणारच, पण तिचं माहेर बघा ना. १६६६ चं पहिलं लग्नही राजकारणातलंच होतं, बाप पेतार झ्रिन्स्की (झ्रिनीचंच क्रोएशियन रूप) क्रोएशियाचा बान, म्हणजे सुभेदार, आणि पुढे सासरा-जावई दोघं हाब्सबर्गांविरुद्धच्या कटात अडकले. १६७१ मध्ये बापाचं आणि मामाचं विनर नॉयश्टाटला डोकं उडवलं, आई ग्राट्झला कैदेत मेली. नवरा वाचला तो त्याच्या आईमुळे, झोफिया बाथोरीने भरमसाट पैसा ओतला म्हणून. त्यानंतर सगळी सूत्रं या सासूबाईंकडे, त्या कट्टर कॅथलिक, थोकोलीला उंबरा ओलांडू दिला नसता. त्या १६८० मध्ये गेल्या आणि मगच लग्नाचं जमलं. सम्राट लिओपोल्डची परवानगी लागली, तीही मिळाली, कारण तेव्हा थोकोलीचा जोर वाढत होता आणि त्याला चुचकारायचं होतं. थोकोलीला राकोचींचे किल्ले मिळाले, हिला तलवारवाला माणूस. सरळ सौदा आहे माझ्या मते.

बुरुजावरून:
नुसता सौदा असता तर १६८५ मध्येच मोडला असता की! ऑक्टोबरात ज्यांच्या पाठिंब्यावर तो लढत होता त्या तुर्कांनीच थोकोलीला पकडलं, त्याची माणसं सम्राटाकडे गेली, किल्ले पटापट पडले. हिने मात्र दोन्ही मुलांना घेऊन मुंकाच जानेवारी १६८८ पर्यंत लढवला. पुढे व्हिएन्नात मुलं काढून घेतली, ११ वर्षांच्या फेरेंत्सला बोहेमियात जेझुइट पाद्र्यांकडे शिकायला धाडलं, हिला उर्सुलाइन जोगिणींच्या मठात ठेवलं. थोकोलीने १६९० मध्ये झर्नेश्टच्या लढाईत सम्राटाचा जनरल हाइस्लर पकडला आणि त्याच्या बदल्यात बायको मागून घेतली, १६९२ मध्ये ती त्याच्याकडे गेली, म्हणजे तुर्की मुलखात, मुलगा कायमचा मागे राहिला. हे जहागिरीसाठी कोण करेल, तेव्हा थोकोलीकडे होतं काय?

तटबंदी:
हे भारीच. आणि मुलाचं मत काय होतं मग?

जुनी_पानं:
फेरेंत्सने आत्मचरित्रात आईबद्दल मायेनेच लिहिलंय, सावत्र बापावर मात्र राग आहे. त्याचं स्वतःचं बंड १७०३ च्या उन्हाळ्यात पेटलं, इलोना त्याच वर्षी फेब्रुवारीत तुर्कस्तानात इझमितजवळ वारली होती. प्रेमाचा मुद्दा १६९२ पुरता मान्य, १६८२ पुरता नाही.