क्लास लावून वाढते ती बुद्धिमत्ता कसली?

पेठी_प्रश्न: शिष्यवृत्तीचा बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर आठवतोय? संख्यामालिका, गटात न बसणारे पद, आरशातली प्रतिमा. अप्पा बळवंत चौकात त्याच्या सरावपुस्तकांचे गठ्ठे मिळतात. सरावाने गुण वाढतात हे दुकानदारालाही ठाऊक. मग मोजतो काय आपण? बुद्धी, की आईबापांनी भरलेली फी? माझ्या मते बुद्धी शिकण्यातूनच घडते. आधी बुद्धी, मग शिक्षण, हा क्रमच उलटा आहे.

कर्वेनगरच्या_बाई: सरावाने त्याच साच्यातल्या प्रश्नांचे गुण वाढतात हो. समज वाढतेच असं नाही. एका विषयात पुढे असणारी मुलं बहुधा दुसऱ्यातही पुढे असतात, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्पिअरमनने १९०४ मध्येच मांडलं आणि ते अजून टिकून आहे. आपल्याकडे ज्ञान प्रबोधिनी प्रशाला चाचणी घेऊनच मुलं निवडत आली, ती उगीच नाही. मी गणित शिकवते. एकाला अपूर्णांक एकदा सांगून कळतात, दुसऱ्याला आठवडा लागतो. हे नाकारून त्या दुसऱ्याचं काय भलं होणार?

पेठी_प्रश्न: आठवडा लागला, पण कळले ना? बाई, फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेने १९०५ मध्ये सहकारी सिमॉनबरोबर पहिली बुद्धिमत्ता चाचणी केली ती हुशार पोरं निवडायला नव्हे, तर कुणाला जादा मदत हवी ते शोधायला. बुद्धी जन्माची ठरलेली असते असं म्हणणाऱ्यांवर तो पुढे उघड तुटून पडला. आपल्याकडच्या मानसशास्त्रज्ञ कामतांनाही ती चाचणी मराठी-कानडी मुलांसाठी नव्याने बेतावी लागली.

कट्ट्यावरचा: शिवाय फ्लिन या अभ्यासकाने दाखवलेलं बघा. विसाव्या शतकात कित्येक देशांत दर दशकाला साधारण तीन गुणांनी बुद्ध्यांकाची सरासरी वाढली. दोन पिढ्यांत जनुकं बदलतात का?

कर्वेनगरच्या_बाई: पिढीची सरासरी उंचीही वाढली, म्हणून उंच आईबापांची मुलं उंच व्हायची थांबली नाहीत. सरासरी का वाढते आणि दोन मुलांत फरक का पडतो, हे प्रश्न वेगळे आहेत. बिनेचा हेतू मान्यच. पण कुणाला मदत हवी हे शोधायचं, तर फरक आहे हे आधी मानावं लागतं. तुमच्याच उदाहरणाने माझी बाजू भक्कम केलीत!

कट्ट्यावरचा: उंचीचं पटलं. बिनेचं अर्धंच.

पेठी_प्रश्न: फरक नाही असं मी म्हणालोच नाही. तो कायमचा धरू नका, एवढंच.

कर्वेनगरच्या_बाई: मग त्या आठवडा लागणाऱ्या मुलासाठी जादा तास वेळापत्रकात कुठे बसवायचा तेवढं सांगा.